आईच्या मनगटावर माझा पट्टा

३ फेब्रुवारी, सोमवार

एकशे अडतीस! इस्पितळाचा काटा जमिनीतच बसवलेला आहे, गोदामात पोती तोलतात तसला. चढण्याआधी मी चपला काढल्या, कानातलं काढलं, मोबाइल खुर्चीवर ठेवला. नर्स म्हणाली, "ताई, त्याने काय होणारे?" म्हटलं, "मनाचं समाधान." ती हसली. मग आकडा आला आणि दोघींचं हसू गेलं.

पोट लहान करायचं ऑपरेशन करतात ना, त्याचं विचारायला गेले होते. त्यांनी पाठवलं दुसऱ्या मजल्यावर, एका डॉक्टरीणबाईंकडे. मी त्यांचं नाव लगेच ठेवून टाकलं — घड्याळबाई. कारण त्या दुसरं काही बोलतच नाहीत. म्हणे मेंदूत एक मोठं घड्याळ असतं. शिवाय यकृतात, आतड्यात, चरबीतसुद्धा, पेशीपेशीत लहान लहान घड्याळं. ती चालवणारी काही जनुकं असतात. काहींची जनुकं जरा वेगळी असतात, मग घड्याळांचा मेळ बसत नाही. खूप जास्त वजन असलेल्या लोकांत हे कितपत दिसतं, ते त्या तपासताहेत.

मी लगेच विचारलं, "म्हणजे माझी चूक नाही तर!"

"असं मी म्हटलं नाही. संबंध दिसतो. जनुकामुळे वजन, वजनामुळे घड्याळ बिघडलं, की दोन्ही थोडं थोडं, ते अजून ठरायचंय."

हात जोडले बाईंपुढे. ताकास तूर लागू देत नाहीत. पण माझ्या चरबीत घड्याळं आहेत हे मात्र फार आवडलं. एवढी घड्याळं अंगावर बाळगून मी रोज कामावर उशिरा जाते!

तर सौदा असा. मनगटावर एक पट्टा बांधलाय. तो झोप, हालचाल, उजेड सगळं टिपतो. पहिला आठवडा नेहमीसारखं राहायचं. दुसऱ्या आठवड्यात शिस्त — आठच्या आत जेवण, दहाला अंथरुणात, सहाला उठणं. जमलं तर ऑपरेशनसाठी माझं नाव कमिटीपुढे जाणार. नाही जमलं तर "तुमची तयारी नाही, असं कमिटी समजते."

४ फेब्रुवारी, मंगळवार

पट्टा खाजतो. बाकी विशेष नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुन्हा! कामावर डुलकी लागली, आणि तीही घासायची मोटर चालू असताना. हातात एका आजोबांची वरची कवळी. डोळे उघडले तेव्हा तिच्या टाळूला भोक पडलं होतं. मालक मागेच उभे.

"ताई, आज कवळी गेली. उद्या बोट जाईल."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू बोलले. मग म्हणाले की ऑपरेशनचं लवकर बघा, नाहीतर मला तुम्हाला मोटरवरून उठवून पावत्या फाडायला बसवावं लागेल. मी! पावत्या! या कारखान्यात माझ्यासारखा चावा कोणी जुळवत नाही. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, आम्ही प्लास्टरचे साचे काढतो, मेणात दात बसवतो, मग पक्की कवळी. लोक माझ्या दातांनी हसतात, माझ्या दातांनी भांडतात. आणि मी पावत्या फाडू?

सकाळी डोकं जड असतं. कितीही झोपले तरी झोपलेच नाही असं वाटतं. घड्याळबाई बरोबर असणार, माझं घड्याळ कुठल्या तरी भलत्याच देशात चालतंय.

ऑपरेशन व्हायलाच हवं. होणारच.

९ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारप्रमाणे दादा आला. दर रविवारप्रमाणे आईसाठी बिस्किटांचे पुडे आणले, गुलाबी क्रीमची. दर रविवारप्रमाणे स्वयंपाकघरातला डबा उघडून पाहिला. रिकामा!

"कमाल आहे बाई तुझी," मला म्हणतो. "आईच्या तोंडचं काढून खातेस?"

"मी हात लावलेला नाही."

"मग काय डब्याने खाल्ली?"

दोन-एक वर्षं हेच चाललंय. आधी मी भांडायचे, आता सोडून दिलंय. जाडी बाई आणि रिकामा डबा एका घरात असले की वकील कोण करणार! आई तिथेच भाजी निवडत बसलेली. चकार शब्द काढला नाही. याचा मला जास्त राग येतो. तिला माहीत आहे मी गुलाबी क्रीम खात नाही — दिवसभर तोच रंग मेणात बघते, जिभेवर ठेवला की मळमळतं.

खाते मी, नाही कुठे म्हणते? रात्री दहाला पाव-बटर खाते, राजरोस खाते. पण चोरून कशाला?

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून शिस्तीचा आठवडा. काल रात्री मालिकेचे भाग बघता बघता दोन वाजले झोपायला. नेहमी तेच. दहाला अंथरुणात पडले तरी डोळे टक्क उघडे. हे एका दिवसात बदलणार कसं?

आणि आई बघा. साडेनऊला आडवी, पाचला उभी. जन्म रेल्वेच्या तिकीट खिडकीवर गेला तिचा, गाडी चुकेल पण आई चुकणार नाही. अजूनही बोलणं संपवायचं असेल तेव्हा म्हणते, "पुढचा!"

पट्ट्याला काय कळणार मनगट कोणाचं आहे ते!

संध्याकाळी आईला म्हटलं, "मालकांनी दिलाय. आत चुंबक आहे. गुडघ्यांना उत्तम."

"मग मालकांनीच का नाही घातला?"

"त्यांचे गुडघे बरे झाले."

तिने पट्टा उलटासुलटा करून पाहिला, मग हात पुढे केला. माझ्या शेवटच्या भोकावर बसणारा पट्टा तिच्या पहिल्या भोकावरही सैल. आत रुमाल कोंबला. मी निर्लज्जपणे मालिका लावली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आई सांगते, गुडघे खरंच बरे वाटतात! शेजारणीलाही असला एक आणून दे म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आईची भुणभुण सुरू आहे. "तुझं ते घोरणं एकदा डॉक्टरला दाखव." म्हटलं, "आई, घोरणं दाखवत नाहीत, ऐकवतात." हसली नाही. वर्षभरात चौथ्यांदा असेल हा विषय. माझ्या खोलीला कडी लावायला बंदी आहे ती आहेच. चाळिशी आली, तरी दार सताड उघडं ठेवून झोपायचं! कडीचं नाव काढलं की म्हणते, "लावून तर बघ." घर तिचं, दार तिचं, काय बोलणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

करायला गेले एक आणि झालं भलतंच!

पट्टा परत माझ्या हातावर चढवून मी ऐटीत गेले. घड्याळबाईंनी तो संगणकाला जोडला. पडद्यावर दोन आठवडे. पहिला माझा, उशिराचा, अपेक्षेप्रमाणे वाईट. त्यांनी मान हलवली. मग दुसरा. मी कौतुक ऐकायला तयार बसले.

बाई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"हे काय? साडेनऊला झोपलात, छान. पण दोननंतर तुम्ही उठताय. मग पुन्हा. मग पुन्हा. थोडं चालणं, मध्येच उजेड, थोडा वेळ बसणं, परत चालणं. सातही रात्री! काय करता तुम्ही?"

काय करता? मी काय करते ते मला माहीत होतं, मी घोरत पडलेली असते. पण हे सांगायचं कसं?

"स्वयंपाकघरात जाता का?" हळूच विचारलं त्यांनी. सरळ म्हणाल्या की रात्री उठून खाण्याची सवय असेल तर कमिटी नाव घेत नाही, आधी त्यावर उपचार. लाजू नका, सांगा. मी म्हटलं, आठवत नाही. त्यांनी लिहून घेतलं — आठवत नाही. हे तर आणखी वाईट दिसलं!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझं ऑपरेशन आईच्या रात्रींमुळे अडलं. चालतं-बोलतं घड्याळ म्हणे! हे घड्याळ रात्री जातं कुठे?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्लास्टर कालवता कालवता डोक्यात उजेड पडला. डबा! दोन वर्षांचा रिकामा डबा!

म्हणजे — आई?

मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून काय ते कोणाला दिसत नाही? आणि दादापुढे बसून शांतपणे भाजी निवडते! चोर तो चोर, वर मलाच चोर ठरू देते.

पण पुरावा हवा. नुसतं विचारलं तर "पुढचा!" म्हणेल आणि विषय संपेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवणाच्या सुट्टीत मी जे केलं ते माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत नाजूक काम. घरून सहा बिस्किटं नेली होती. सुरीने उकलली, क्रीम खरवडून काढलं. आमचं गुलाबी मेण दिव्यावर मऊ केलं, त्याच्या पातळ चकत्या पाडल्या आणि क्रीमच्या जागी बसवल्या. कडा साफ केल्या. रंग तोच! वर बोटाने थोडी साखर. मेण अगदी निरुपद्रवी असतं, रोज लोकांच्या तोंडात जातं. बिस्किट तुटेल, भुगा होईल, पण मेणात दात उमटतील. आणि उमटलेले दात मी ओळखणार नाही तर कोण?

मालक डोकावले. "ही कोणाची ऑर्डर?"

"घरची."

त्यांनी एक उचलून तोंडाकडे नेलं! झडप घालून काढून घेतलं. माझी एवढी चपळाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी घरी येऊन सहाही बिस्किटं गुपचूप डब्यात ठेवली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

माझी सहाही डब्यात जशीच्या तशी. आई आधी जुना उघडलेला पुडा संपवत असावी. धीर धरी, बाई.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं!!

केराच्या डब्यात, कागदात गुंडाळून टाकलेलं. इथेच पितळ उघडं पडलं, साधी माणसं बिस्किट कागदात गुंडाळून टाकत नाहीत. वरचं बिस्किट फुटलेलं, मेणात मात्र सुंदर चावा. वरचे पुढचे चार दात, आणि डावीकडचा एक किंचित तिरका.

तो तिरका दात मी स्वतः बसवलाय! आईची कवळी करताना सगळे दात सरळ मांडले होते. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "ही कोण बया? माझा दात तिरका होता, तसाच ठेव." मी मेण तापवून तो दात मुद्दाम वाकडा केला होता.

आणि कवळी तर ती झोपताना वाटीत काढून ठेवते! म्हणजे खायला उठते, आणि मुद्दाम दात चढवून खाते! केवढी ही तयारी!

सकाळी चहाला समोर बसली तर मला म्हणते, "दादाला सांग, तो पुडा बदलून आण. क्रीम चिवट आहे." मी चहा नाकातून काढला.

२३ फेब्रुवारी, रविवार

खटला चालला. आरोपी, फिर्यादी आणि खोटा साक्षीदार, तिघंही टेबलाशी.

मी कालच त्या चाव्यात प्लास्टर ओतून दातांचा नमुना काढून ठेवला होता. पांढराशुभ्र, छान पॉलिश केलेला. दादाने डबा उघडून तोंड उघडायच्या आत तो बशीत घालून मध्ये ठेवला.

"हे काय?" दादा.

"चोराचे दात."

मग सगळं सांगितलं, मेण, साखर, केराचा डबा, तिरका दात. दादा एकदा बशीकडे बघतो, एकदा आईच्या तोंडाकडे. आईने ओठ घट्ट मिटले. इतके घट्ट, की तिथेच सिद्ध झालं.

नमुना उचलून तिने डोळ्यांजवळ नेला. "काम सुबक आहे तुझं."

"आई, विषय बदलू नकोस!"

"खाते मी. रात्री चहा करते, बरोबर बिस्किट घेते. भूक लागते. पुढचा!"

दादा हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मी त्याला कान धरून माफी मागायला लावली, दोन वर्षांची, एकदम. त्याने मागितली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! जन्मभर घरात काही संपलं की माझ्याकडे बघायचे. आज पहिल्यांदा सगळे दुसरीकडे बघत होते.

आईला म्हटलं, "आणि तो माझं नाव घ्यायचा तेव्हा गप्प का बसायचीस?"

ती उठली आणि बश्या उचलायला लागली. मला वाटलं होतं भांडेल, निदान एखादा टोमणा तरी मारेल. ते काही नाही. थकल्यासारखी दिसली, माझा अर्धा आनंद तिथेच ओसरला. शिवाय एक कोडं राहिलंच. दिवसा ती गोडाला हात लावत नाही. आवडतच नाही तिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घड्याळबाईंना खरं सांगून टाकलं. खोटं चालू ठेवून ऑपरेशन जाणारच होतं, खरं सांगून निदान आईच्या रात्री तरी माझ्या नावावरून उतरतील.

ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे एका सत्तरीच्या बाईंची झोप मी तुमची म्हणून आठवडाभर वाचत बसले."

"हो."

"चुंबक म्हणून?"

"हो."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, हे मी शपथेवर सांगते. पण आवाज कडकच. नाव कमिटीपुढे जाणार नाही. पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी पट्ट्याला कुलूप असेल. मी मान खाली घालून जिना उतरले, आणि खालच्या बाकावर बसून खरंच रडले. पावत्या दिसायला लागल्या डोळ्यांसमोर.

तेवढ्यात त्या मागून आल्या. "आईंना घेऊन या. मायलेकी दोघींचं रक्त मिळालं तर मला हवंय. एकीचं वजन असं, एकीचं तसं, आणि झोप दोघींचीही बिघडलेली."

३ मार्च, सोमवार

आईने रक्त दिलं. नर्सला शीर सापडेना, तर आई म्हणते, "सुट्टे नसतील तर बाजूला व्हा, मागे रांग आहे."

माझा शिस्तीचा आठवडा आजपासून पुन्हा. आईने साडेसातलाच जेवण टेबलावर आणून आदळलं. दहाला दिवा बंद केला, तोही स्वतः. मी अंधारात पडून छताला शिव्या दिल्या.

८ मार्च, शनिवार

जमतंय! कालपासून अकराच्या आत डोळा लागतोय. तरी सकाळी डोकं तसंच जड. आणि आई दिवसेंदिवस जास्तच ओढलेली. काल भाजी निवडता निवडता बसल्या जागी पेंगली. मी लवकर झोपायला लागल्यावर तिला एवढं काय जड जातंय?

"रात्रीचा चहा सोड," म्हटलं. "तू आधी झोप नीट घे," म्हणाली. आता यात माझ्या झोपेचा काय संबंध?

२४ मार्च, सोमवार

निकाल.

मी नाव पुढे पाठवायच्या आनंदात होते — शिस्त पाळली, पट्ट्याने कबूल केलं! — पण बाईंना आईतच रस. दोघींचे कागद समोर. आधी नेहमीची सावध प्रस्तावना झाली, जनुकं कल सांगतात, नशीब सांगत नाहीत, एका जनुकाने कोणी एकशे अडतीस किलोचं होत नाही. मग म्हणाल्या, "ताई, तुमचा कल उशिराचा आहे. तुमच्या घड्याळाच्या जनुकांत एक-दोन जागी जो फरक आहे, तसा जास्त वजनाच्या बऱ्याच लोकांत आम्हाला दिसतोय. आजींमध्ये तो नाही. तुम्हाला वडिलांकडून आला असावा."

मी आईकडे विजयाने पाहिलं. बघ! माझं नुसतं तोंड नव्हतं! चाळीस वर्षं ऐकलंय, तोंडावर ताबा ठेव, तोंडावर ताबा ठेव. माझे डोळे भरून आले, तिथेच, बाईंसमोर. चूक नाही असं त्यांनी आजही म्हटलं नाही. पण सगळी माझीच नाही, एवढं तरी मला कळलं.

"पण आजी," बाई म्हणाल्या, "तुमची ठेवण पहाटेच्या माणसाची. तुम्ही रात्री गाढ झोपायला हवं. तुमचं घड्याळ बिघडलेलं दिसत नाही. मग जागता का?"

"वय," आई म्हणाली.

"यांच्या वडिलांचं वजन?"

"हिच्यासारखंच."

"ते कशाने गेले?"

"झोपेत. मी शेजारीच होते. मला कळलंच नाही." आईने पदराशी चाळा केला. "आधी घोरत होते."

बाबांचं ती कधी बोलत नाही. ते गेले तेव्हा मी इतकी घाबरले होते की किती तरी रात्री झोपायलाच तयार नव्हते. तिशी ओलांडलेली घोडी मी, आईने थोपटून झोपवलं होतं.

"ताई घोरतात का?" बाईंनी विचारलं, मला नाही, आईला.

"घोरते. घोरते तोवर बरं असतं."

हे काय उत्तर झालं! पण बाई पेन ठेवून आईकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या की ऑपरेशनआधी एक रात्र इथे झोपायचं, तारा लावून. झोपेची तपासणी. त्याशिवाय कमिटीचं पुढे बघणार नाही.

आणखी एक परीक्षा! निदान ही झोपून द्यायची आहे.

२५ मार्च, मंगळवार

कामावर सगळ्यांना सांगितलं, माझ्या चरबीतली घड्याळं बाबांची आहेत. मालक म्हणाले, "मग चावी त्यांनीच नेली असणार."

२ एप्रिल, बुधवार

इस्पितळाच्या पलंगावर बसून लिहितेय. पलंग रुंद आहे, देव बाईंचं भलं करो. डोक्याला, छातीला, पायाला तारा चिकटवायच्यात, नर्स सामान आणायला गेलीय. माझा अवतार विजेच्या खांबासारखा होणार.

आईने तमाशा केला. नातेवाइकांना आत परवानगी नाही. तिने नर्सला दारातच गाठलं. "हिला कुशीवर वळवत जा हं. पाठीवर गेली की."

"आजी, मशीन आहे ना. सगळं कळतं त्याला."

"मशीनला हात असतात का?"

मी मेल्याहून मेल्यासारखी. चाळिशीच्या बाईला कुशीवर वळवा म्हणे! "आई, घरी जा," म्हटलं. "एक रात्र तरी नीट झोप. इथे बिस्किटंही नाहीत." नर्स हसली. आई नाही हसली. म्हणाली, बाहेर बाकावर बसते, गाडीची वाट बघायची सवय आहे मला.

हट्टी म्हातारी! आली नर्स. थांबते.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी तारा काढताना नर्स म्हणाली, "ताई, तुम्ही तर जीवच घेतलात माझा. घोरता घोरता एकदम गप्प व्हायचात. श्वासच बंद. शेवटी मीच येऊन हलवायचे, कुशीवर वळवायचे, की मग चालू. किती वेळा आले, काही आठवतं?"

काहीच आठवत नव्हतं.

"आता मशीन देतील घरी," ती म्हणाली. "पण इतके दिवस घरी कोण हलवत होतं तुम्हाला?"

बाहेर आले. आई बाकावर भिंतीला टेकून झोपली होती, तोंड उघडं, तिरका दात दिसत होता. घरी चल म्हणायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शेजारी बसले. आज मी जागी आहे.